श्रोणीची ठेवण, वंशभेद आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया

प्रोस्टेटच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर रुग्णांचे नातेवाईक आम्हांस हमखास एक प्रश्न विचारतात : "डॉक्टरसाहेब, शेजारच्या खाटेवरच्या काकांना नळी काढल्यावर पंधरा दिवसांत लघवीवर ताबा आला; आमच्या बाबांना अजून पॅड का लागते?" या प्रश्नात काळजी असते, क्वचित शंकाही असते. त्याचे थोडे सविस्तर उत्तर येथे देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रोस्टेट ही साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, गुदाशयाच्या पुढे व जघनास्थीच्या मागे, कमरेच्या हाडांच्या कड्यात ती तळाशी बसलेली असते. हे कडे म्हणजेच श्रोणी. पुरुषाची श्रोणी स्त्रीच्या मानाने अरुंद व खोल असते. ग्रंथीच्या दोन्ही अंगांस लैंगिक क्षमतेशी निगडित मज्जातंतू, पुढे रक्तवाहिन्यांचे जाळे आणि खालच्या टोकाशी लघवी रोखून धरणारा स्नायू. अरुंद तोंडाच्या रांजणात हात घालून तळाची वस्तू कडांना धक्का न लावता काढावी, तसे हे काम. जागा अपुरी असली की कर्करोगाच्या पेशी मागे राहण्याचा वा स्नायूस इजा होण्याचा धोका वाढतो. १९८२ साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी मज्जातंतू जपणारी शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून या इंचभर जागेचे महत्त्व शल्यविशारदांस नव्याने कळले.

अमेरिकेत एमआरआयवर श्रोणीची मापे घेऊन झालेल्या अभ्यासांत कृष्णवर्णीय पुरुषांची श्रोणी गौरवर्णीयांच्या तुलनेत सरासरीने मधल्या भागात अरुंद आढळली. तेथे कृष्णवर्णीयांचा या रोगाने होणारा मृत्युदरही गौरवर्णीयांच्या सुमारे दुप्पट आहे. साहजिकच सारा दोष हाडांच्या मापावर टाकण्याचा मोह होतो. आमच्या मते तो टाळावा. उशिरा होणारे निदान, विम्याचा अभाव, अनुभवी शल्यविशारदापर्यंत न पोहोचणे यांचा त्यात मोठा वाटा आहे. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत उपचार सर्वांस सारखे मिळतात. तेथे हे अंतर पुष्कळ कमी झालेले दिसते.

शिवाय सरासरी ही समूहाची असते, टेबलावर मात्र एकच रुग्ण असतो. एकाच समाजातील, एकाच गावातील दोन पुरुषांच्या श्रोणीतही बराच फरक आढळतो. म्हणून आम्ही रुग्णाची जात, प्रांत वा वर्ण पाहून अंदाज बांधत नाही. त्याचाच एमआरआय पाहतो. श्रोणी किती रुंद, ग्रंथी त्या मानाने किती मोठी, तिचे टोक हाडामागे किती खोल, आणि ग्रंथीखालचा मूत्रमार्ग किती लांब, हे त्यावरून कळते. यांतील शेवटचे माप वरील प्रश्नाशी थेट निगडित आहे : हा भाग लांब असलेल्या रुग्णांस ताबा सहसा लवकर येतो. शेजारच्या काकांचे तेच दैव असावे! २००० सालापासून प्रचारात आलेल्या यंत्रमानवी शस्त्रक्रियेत बारीक, वळणारी हत्यारे व मोठे करून दिसणारे दृश्य यांमुळे अरुंद जागेतही काम सुकर होते. परंतु यंत्रामागील हात सरावलेला असावाच लागतो.

पॅड लागणाऱ्या बहुतेक रुग्णांस वर्षभरात पुरेसा ताबा येतो. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शस्त्रक्रियेपूर्वीच शिकून घ्यावेत, आणि बाहेर एमआरआय झाला असल्यास त्याच्या फिल्म पहिल्याच भेटीत सोबत आणाव्यात, ही नातेवाइकांस विनंती.