शेवाळाच्या गोळ्यातील झाड आणि घराचे आरोग्य

कुंडीशिवाय झाड लावण्याची एक नवी हौस गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही आली आहे. मातीचा गोळा करायचा, त्याभोवती शेवाळ लपेटून दोरा गुंडाळायचा आणि त्यात मनीप्लांट, सिंगोनियम किंवा फर्न वाढवायचे. या प्रकाराचे मूळ जपानमधले. तेथे त्याला ‘कोकेडामा’ म्हणतात. ‘कोके’ म्हणजे शेवाळ व ‘तामा’ म्हणजे गोळा. हौस चांगली आहे. झाडांच्या देखभालीत मन रमते, विशेषतः वयस्कर मंडळींचा वेळ छान जातो. मात्र हा गोळा सतत ओला असतो, आणि ओल म्हटली की काही पथ्ये पाळावीच लागतात.

प्रथम निगा कशी राखावी ते पाहू. गोळा हातात घेऊन तोलून पाहावा. हलका लागला तर बादलीभर पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवावा. बुडबुडे येणे थांबले की बाहेर काढून पूर्ण निथळू द्यावा आणि मगच जागेवर ठेवावा. रोज नुसते पाणी शिंपडल्याने शेवाळ हिरवे दिसते, पण आतली मुळे कोरडी राहतात. उलट, गोळा कायम पाण्यात ठेवला तर मुळे कुजतात. उजेड भरपूर असावा, पण कडक ऊन नको.

बशीतले पाणी : गोळा बहुधा बशीत ठेवतात आणि निथळलेले पाणी तेथेच साचते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो व दिवसा चावतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. मादी अंडी घालते ती भांड्याच्या कडेला, पाण्याच्या पातळीच्या जरा वर. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहू शकतात. म्हणून बशीतले पाणी नुसते ओतून देणे पुरेसे नाही. आठवड्याच्या ‘कोरड्या दिवशी’ बशी काथ्याने घासून, पुसून कोरडी करावी. गच्चीवरची टाकी झाकणाऱ्या घरातही ही बशी नजरेतून सुटते.

हातावरचा ओरखडा : रोपवाटिकेत मिळणारे ‘स्फॅग्नम’ शेवाळ, माती, वाळलेले गवत यांत ‘स्पोरोथ्रिक्स’ नावाची बुरशी असू शकते. काटा किंवा काडी टोचली की ती त्वचेत शिरते. अमेरिकेत १९८८ साली रोपे बांधण्यासाठी वापरलेल्या स्फॅग्नममुळे १५ राज्यांत ८४ जणांना हा आजार झाल्याची नोंद आहे. आपल्या देशात तो प्रामुख्याने हिमालयाच्या पायथ्याच्या भागात आढळतो. आजार विरळा असला तरी त्याची खूण ध्यानात ठेवावी. टोचल्यानंतर काही दिवसांनी, कधी कधी दोन-तीन महिन्यांनीही, तेथे न दुखणारी गाठ येते, ती फुटते आणि मग हातावर वरच्या दिशेने ओळीने गाठी उठतात. नेहमीच्या अँटिबायोटिकने त्या बऱ्या होत नाहीत. बुरशीवरची वेगळी औषधे काही महिने घ्यावी लागतात. त्यामुळे गोळा बांधताना रबरी हातमोजे घालावेत, काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. माती-शेणखताशी संबंध येतो, तेव्हा धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर घेतलेले असावे. दम्याच्या रुग्णाने ओलसर, बुरसटलेला गोळा झोपण्याच्या खोलीत ठेवू नये.

मुलांच्या तोंडी पान : मनीप्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, डिफेनबेकिया ही सारी अळूच्या कुळातली झाडे. कच्चा अळू घशाला खाजतो हे आपल्या घरातल्या बायकांना सांगायला नको, म्हणून तर त्यात चिंच घालून तो नीट शिजवतात. त्याच कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया या झाडांतही असतात. रांगत्या मुलाने पान चावले की तोंडाची आग होते, ओठ सुजतात, लाळ गळते. आई घाबरीघुबरी होऊन मुलाला घेऊन येते. अशा वेळी तोंडातले तुकडे काढून तोंड ओल्या कापडाने पुसावे आणि थंड पाणी किंवा दूध घोट-घोट द्यावे. उलटी मात्र करवू नये. श्वास घ्यायला त्रास, आवाज बसणे, जीभ सुजणे यांपैकी काही दिसले तर लगेच रुग्णालय गाठावे. चीक डोळ्यात गेल्यास डोळा पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवावा. लहान मूल असलेल्या घरात गोळा उंच टांगावा, किंवा स्पायडर प्लांट, बोस्टन फर्न अशी निरुपद्रवी झाडे निवडावीत.

या झाडांनी घरातली हवा शुद्ध होते, असे विकणारे सांगतात. त्याला आधार दिला जातो तो ‘नासा’च्या १९८९ सालच्या प्रयोगाचा. पण तो बंद पेटीतला प्रयोग होता. खेळती हवा असलेल्या घरात दोन-चार झाडांचा तसा परिणाम होत नाही. खिडक्या उघड्या ठेवणे हाच खरा उपाय.

शेवटी एक विनंती. हातावरची गाठ बरी होत नसेल किंवा घरात तापाचा रुग्ण असेल, तर डॉक्टरांकडे गेल्यावर आपल्या या छंदाविषयी आपणहून सांगावे. गर्दीच्या वेळी डॉक्टर ते विचारतीलच असे नाही, आणि आजाराचे निदान कधी कधी तेवढ्या एका वाक्यावर अवलंबून असते.