सतरंजी, नोंदवही आणि माझी गोष्ट

लिहिण्याची आवड असणारे विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात कमी नाहीत. वहीच्या शेवटच्या पानावर कविता लिहिणारे तर प्रत्येक वर्गात सापडतील. पण लिहिलेले छापून यावे यासाठी नेमके काय करावे, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते. ज्यांच्या घरात लिहिण्या-वाचण्याची परंपरा आहे, त्यांना निदान विचारायला कोणीतरी असते. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मीच पहिली. म्हणून प्रथम वर्षाला असताना मी गावातील साहित्य मंडळात स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. या दीड वर्षात जे पाहिले, आणि जिथे चुकले, ते इतरांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, मराठीतील साहित्यसंस्था पगारी माणसांच्या बळावर उभ्या राहिलेल्या नाहीत. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावले, ते स्वतःची कामे सांभाळून. पुढे १९०६ साली पुण्यात महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली. १९२३ साली विदर्भ साहित्य संघ, १९३५ साली मुंबई मराठी साहित्य संघ आणि १९४३ साली मराठवाडा साहित्य परिषद. या चार संस्थांनी मिळून १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ उभे केले. ही नावे मोठी आहेत. पण तालुक्याच्या गावी साहित्याचे काम म्हणजे वाचनालयातील एक खोली, एक कपाट, दोन सतरंज्या आणि निवृत्त झालेले चार-पाच शिक्षक, असेच असते. हिशेब तेच ठेवतात, पाहुण्यांना उतरवून घ्यायलाही तेच जातात, आणि दिवाळी अंकासाठी जाहिराती मागत दुकानोदुकानी तेच फिरतात.

नियतकालिकांचे तरी काय वेगळे आहे? १९५० नंतरच्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या तरुणांनी ‘शब्द’ काढले ते चक्रमुद्रित करून. छापखान्याचा खर्च परवडत नव्हता, म्हणून ते थांबले नाहीत. डॉ. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, ‘अस्मितादर्श’ चालविले. प्राध्यापकी करता करता ते हे काम करीत. १९६०-७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले हे त्रैमासिक जवळजवळ पन्नास वर्षे, २०१८ साली त्यांचे निधन होईपर्यंत, त्यांनी सांभाळले. ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या कोणी लेखणी धरली नव्हती अशा कितीतरी जणांचे पहिले लेखन तिथे छापले गेले. कोणी तरी विनामोबदला अंक काढला, म्हणून कोणाला तरी लिहायला जागा मिळाली.

आता माझ्या कामाविषयी. पहिले चार महिने मी सतरंज्या घातल्या. मासिक बैठकीच्या आधी खोली झाडायची, खुर्च्या मांडायच्या, फळ्यावर वक्त्याचे नाव लिहायचे, शेवटी चहाचे पेले गोळा करायचे. मुलींना आणखी एक काम असते : रांगोळी काढणे आणि पाहुण्यांना फुले देणे. दोन-तीन कार्यक्रम झाल्यावर मी धीर करून म्हटले, “सर, मला दुसरं काही काम द्या.” सरांनी क्षणभर पाहिले आणि कपाटातील नोंदवही माझ्यापुढे ठेवली.

दिवाळी अंकासाठी आलेले साहित्य या वहीत नोंदवतात. आवक क्रमांक, तारीख, लेखकाचे नाव-गाव, शीर्षक, प्रकार, पृष्ठे आणि शेवटी ‘अभिप्राय’ असा रकाना. काही साहित्य टपालाने येते, काही ई-मेलने, तर काही जण मोबाईलवर कवितेचा फोटोच पाठवतात. ही वही भरताना लेखनाच्या जगाची दुसरी बाजू मला प्रथमच दिसली. पानांवर क्रमांक नाहीत, त्यामुळे गोष्टीचा शेवट मध्येच लागलेला. कवितेखाली नाव आहे, पत्ता नाही. एकच कथा दोन अंकांना पाठवलेली, आणि ती दोन्हीकडे स्वीकारली गेल्यावर उडालेला गोंधळ. आई, पाऊस आणि शेतकरी या तीन विषयांवर इतक्या कविता आल्या की, त्यांतली चांगली ओळखणेच कठीण झाले. संपादकांना नवोदितांचा राग असतो, असे मला पूर्वी वाटे. तसे नसते, त्यांना वेळ नसतो.

चांगले लेखनही का परत जाते, हेही इथेच कळले. अंक छापला जातो तो फर्म्यांच्या हिशेबाने. सोळा पानांचा एक फर्मा धरला, तर आठ फर्म्यांचा अंक एकशे अठ्ठावीस पानांचा होतो. एक कथा आवडली म्हणून दोन पाने वाढवता येत नाहीत; वाढवायची तर अर्धा किंवा सबंध फर्मा, आणि त्याचा कागद, छपाई, बांधणी यांचा खर्च जाहिरातींतून निघाला पाहिजे. म्हणून शेवटच्या आठवड्यात एखादी चांगली नऊ पानी कथा बाजूला पडते आणि चार पानी साधी कथा आत जाते. ‘साभार परत’ याचा अर्थ नेहमीच ‘वाईट’ असा नसतो.

पण माझ्या कथेच्या बाबतीत तसे झाले नव्हते. गेल्या वर्षी मीही एक कथा दिली होती. खुरपणीची मजुरी साठवून मुलीला शिकवणाऱ्या आईची. नोंदवही माझ्याच हाती असल्याने तिचा आवक क्रमांक मीच घातला : सत्तेचाळीस. वाचनासाठी गठ्ठा पाठवताना ती कथा मी सर्वांत वर ठेवली. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे तेच लिहिले पाहिजे. पंधरा दिवसांनी वही परत आली. सत्तेचाळीसपुढे दोनच शब्द होते : ‘संवाद कृत्रिम’.

त्या रात्री मला झोप लागली नाही. इतके महिने सतरंज्या उचलल्या, नोंदी केल्या, आणि चार पाने छापता आली नाहीत? आईने मागेच विचारले होते, “पैसे किती देतेत?” काहीच देत नाहीत, असे म्हटल्यावर ती म्हणाली होती, “मंग कशाला जातीस?” तो प्रश्न आता मलाही पडला. काम सोडायचे मी जवळजवळ ठरवले. पण अंकाची प्रुफे आली होती आणि ती तपासण्याचे मी कबूल केले होते.

प्रुफे तपासताना दोघे लागतात. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापील कागदावर डोळा ठेवायचा. मजकूर जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे मोडतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. म्हणून संगणकाच्या काळातही हे काम सुटलेले नाही. महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम, १९६२ चे चौदा आणि १९७२ साली भर पडलेले चार, मी परीक्षेसाठी पाठ केले होते. त्या उत्साहात एका कथेतील म्हातारीचे सगळे बोलणे मी शुद्ध करून टाकले. ‘व्हता’चे ‘होता’, ‘पानी’चे ‘पाणी’, ‘म्हनून’चे ‘म्हणून’. तांबड्या शाईने पान भरून गेले.

सरांनी ते पाहिले. रागावले नाहीत. म्हणाले, “अगं, ही म्हातारी शाळेत कधी गेली होती?”

मी गप्प राहिले. ती म्हातारी बोलत होती तशीच माझी आजी बोलते, आई बोलते. घरी गेल्यावर मी माझी सत्तेचाळीस क्रमांकाची कथा काढली. तिच्यातली आई म्हणत होती, “बाळ, तुझ्या शिक्षणासाठी मी वाटेल ते कष्ट सोसेन.” माझी आई असे कधी बोललेली नाही. प्रवेशाच्या दिवशी ती एवढेच म्हणाली होती, “तू शिक. पैशाचं मी बघते की.” शहाण्या लोकांपुढे आईची बोली नको, असे मला वाटले असावे. म्हातारीच्या बोलण्यावर ओढलेल्या तांबड्या रेघा मी माझ्या घरावर आधीच ओढून ठेवल्या होत्या. अभिप्राय अगदी बरोबर होता.

१८८५ साली ग्रंथकारांच्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण महात्मा फुल्यांना आले होते आणि त्यांनी पत्र लिहून ते नाकारले, हे आपण अभ्यासक्रमात वाचतो. तिथे जमणाऱ्या ग्रंथकारांच्या लेखनाचा शूद्रातिशूद्रांच्या जगण्याशी मेळ बसत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. तो धडा मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. त्याचा अर्थ मात्र मला त्या तांबड्या पानाने शिकवला.

तेव्हा, ज्यांना लिहायचे आहे त्यांना माझे सांगणे असे. गावात साहित्य मंडळ किंवा वाचनालय असेल तर तिथे अवश्य जा. सतरंजी घालायला लाजू नका, पण तिथेच थांबूही नका. नोंदवही आणि प्रुफे मागून घ्या, शिक्षण त्यांत आहे. काम केले म्हणून आपले लेखन छापले जाईल अशी आशा धरू नका; तसे छापले गेले तर आपल्यालाच त्याची किंमत कळणार नाही. जिथे आपण नोंदी करतो तिथे आपले लेखन द्यायचे असेल, तर ती नोंद दुसऱ्याला करू द्यावी. पाठवण्यापूर्वी पानांवर क्रमांक घाला, पत्ता लिहा, प्रत जवळ ठेवा, आणि एका ठिकाणाहून उत्तर येईपर्यंत दुसरीकडे पाठवू नका. आठवड्याचे तासही ठरवून घ्या, कारण संस्थेचे काम कधी संपत नाही आणि परीक्षा थांबत नाही.

‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडले. त्याचे एक संपादक राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रे लिहून कथेत कुठे काय अडते ते कळवीत, असे जुने लेखक सांगतात. आज तशी पत्रे क्वचितच येतात. माझ्या वाट्याला दोन शब्द आले. तेवढ्यावर मी ती कथा पुन्हा लिहिली. गठ्ठ्यात ती वर कोणी ठेवली होती, हेही सरांना सांगून टाकले. ते हसले आणि म्हणाले, “आम्ही खालून वाचायला घेतो.”

नवी कथा आमच्या अंकाला न देता बाहेरच्या एका मासिकाकडे पाठवली आहे. अजून उत्तर नाही. तिथेही कोणीतरी वही उघडून तिचा आवक क्रमांक घातला असेल. पुढच्या रविवारी आमच्या मंडळाची बैठक आहे, आणि सतरंज्या घालायच्या आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी साडेचारला वाचनालयात यावे.