जुनं मेंडोलिन घेताना आणि मुलाच्या हाती देण्याआधी



परिपाठाला पेटी आणि ढोलकी बऱ्याच शाळांत असते. तिसरं वाद्य म्हणून मेंडोलिनचा विचार मात्र फार थोडे जण करतात. खरं तर आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाताला ते गिटारपेक्षा सोयीचं आहे. मान अरुंद, अंतरं छोटी. शिवाय पडदे बसवलेले असल्यामुळे व्हायोलिनसारखं बोटाने सूर शोधत बसावं लागत नाही. वाद्य लहान म्हणून त्याला खेळणं समजू नका. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत मूळचे मेंडोलिनवादक, संगीतकार सज्जाद हुसेन हेही मेंडोलिनवादक. यू. श्रीनिवास यांनी तर याच वाद्यावर कर्नाटक संगीत वाजवलं आणि १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

नवीन चांगलं मेंडोलिन महाग पडतं, म्हणून आपण जुनं शोधतो. ते योग्यच आहे. पण पुढे काय होतं बघा. वाद्य घरी येतं, मूल दोन आठवडे हौसेने वाजवतं, मग म्हणतं, "बोटं दुखतात." तिसऱ्या आठवड्यात वाद्य कपाटावर जातं आणि पाहुण्यांसमोर आपण सांगतो, "याला संगीताचं अंग नाही." त्या मुलासमोरच सांगतो! अशा वेळी आधी वाद्य तपासावं. तारा पडद्यांपासून फार उंच असतील तर मोठ्या माणसालाही त्या दाबवत नाहीत. चौथीतल्या मुलीने काय करावं?

घेताना सगळ्यात आधी मान बघा. सुतार फळी एक डोळा मिटून बघतो तसं वाद्य डोळ्यासमोर धरा. किंचित बाक चालतो, पीळ चालत नाही. मेंडोलिनला आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात आणि सुरात लावल्यावर त्या सगळ्या मिळून सत्तर-ऐंशी किलोंच्या आसपास ताण देतात. एवढा ताण वर्षानुवर्षं सोसून मान पुढे झुकते किंवा घोडीखालचं लाकूड खचतं. मान जिथे पोटाला जोडलेली असते तिथे फट असेल किंवा फेव्हिकॉल भरल्याच्या खुणा असतील, तर चहा प्या आणि परत या. तसंच पोटावर अंगठ्याने हलकेच दाबा. चीर हलली तर सोडून द्या, नुसता ओरखडा असेल तर काही बिघडत नाही. आठही खुंट्या फिरवून पाहा. पडद्यांवर तारांनी खोल खाचा पाडल्या असतील तर ते काम कारागिराचं आहे, त्याची मजुरी भाव करताना धरा.

गंजलेल्या तारा बघून मात्र घाबरू नका. उलट भाव पाडायला त्या उपयोगी पडतात, कारण तारा आपण बदलणारच आहोत.

आता घरचं काम. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच ती जागेवर उभी असते. म्हणून सगळ्या तारा एकदम काढू नका. एक काढा, तिच्या जागी नवी लावा, मग पुढची. तारांचा हलका संच मागा. तालुक्याच्या गावी मेंडोलिनचा संच मिळाला नाही तर गिटारच्या सुट्या तारा चालतात, जाडी तेवढी जुळवून घ्या. गिटारच्या तारेच्या टोकाला पितळी मणी असतो, मेंडोलिनला मात्र नुसता फास लागतो. मणी पक्कडीने काळजीपूर्वक फोडला की फास उरतो. तार ताणताना मुलांना लांब बसवा. बारीक तार तुटली तर थेट डोळ्याकडे येते.

घोडी नेमकी कुठे उभी करायची? इथे कंपासपेटीतली पट्टी काढा. मानेच्या वरच्या टोकाला खाचांची पट्टी असते, तिला नट म्हणतात. नटपासून बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर मोजा आणि दुप्पट करा. साधारण साडेसतरा सेंटिमीटर भरेल, म्हणजे घोडी पस्तीस सेंटिमीटरच्या थोडी पुढे. तार निम्मी केली की तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. सातवा पडदा तारेच्या एक तृतीयांश अंतरावर असतो, उरलेली दोन तृतीयांश तार पंचम देते. अपूर्णांक शिकवायला यापेक्षा चांगलं साधन मला तरी माहीत नाही. मुलांना मोजू द्या, मग तार छेडून ऐकू द्या.

पट्टीने जागा अंदाजे मिळते, बारकावा कानाने किंवा मोबाईलवरच्या ट्यूनरने काढायचा. मोकळी तार सुरात लावा, मग बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा. स्वर चढा आला तर घोडी नटपासून थोडी लांब सरकवा, उतरा आला तर जवळ आणा. सरकवण्याआधी तारा जराशा सैल करा.

बोटं दुखण्याचं उत्तर तारांच्या उंचीत आहे. बाराव्या पडद्यावर तार आणि पडदा यांच्यात दीड ते दोन मिलिमीटर अंतर हवं. तीन-चार असेल तर मूल वाद्य सोडणारच. घोडीला दोन चाकं असतील तर तारा सैल करून ती फिरवा, काम झालं. घोडी एकसंध लाकडाची असेल तर तिचा तळ घासावा लागतो. फार खाली नेलं की तारा पडद्यांवर झणझणतात, म्हणून थोडं थोडं करा.

नटच्या खाचा बहुतेक जण तपासतच नाहीत. तार तिसऱ्या पडद्यावर दाबा आणि पहिल्या पडद्याकडे बघा. तिथे केसाएवढी फट दिसावी. जास्त असेल तर पहिलाच स्वर जड जातो आणि बेसूरही येतो. या खाचा घरी कानशीने घासू नका, जास्त घासली गेली तर अख्खा नट बदलावा लागतो. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे किंवा मिरजेसारख्या ठिकाणी तंतुवाद्याच्या कारागिराकडे न्या. एवढा खर्च तरी करावाच.

तारा जाडीकडून बारीककडे जी, डी, ए, ई अशा लावतात, व्हायोलिनसारख्याच. कोणतीही जोडी सा धरली की पुढची तिचा प. एका जोडीतल्या दोन तारा तंतोतंत एका स्वरात हव्यात, नाहीतर चांगलं वाद्यही कर्कश वाटतं. नव्या तारा आठवडाभर उतरत राहतात, रोज लावा. लावताना घोडीचं डोकं मानेकडे झुकतं. आठवड्यातून एकदा बाजूने बघा आणि झुकली असेल तर दोन्ही हातांनी हळूच सरळ उभी करा.