दवाखाना आपला, मग बेत कुणाचा?

घरी जेवायला माणसं यायची असली की आपण काय करतो? किती जण, कुणाला तिखट चालत नाही, कुणाला दात नाहीत, कुणाची गाडी किती वाजताची, हे सगळं आधी विचारतो आणि मगच तांदूळ धुवायला घेतो. न विचारता केलेला स्वयंपाक एक तर उरतो, नाही तर पुरत नाही. आता मला सांगा, तुमच्या भागातला सरकारी दवाखाना कुठे असावा, कधी उघडावा, कपाटात कोणती औषधं असावीत, हे ठरवताना तुम्हांला कुणी विचारलं होतं का?

“इश्श, आम्हांला कोण विचारतंय!” असंच तुम्ही म्हणाल. पण भगिनींनो, विचारायचं असा नियम आहे बरं का! नुसता तोंडी नाही, कागदावरचा नियम. आपण विचारणाऱ्याची वाट पाहत बसतो आणि समितीची बैठक होऊन जाते, एवढंच.

नकाशावरचं अंतर आणि पायाखालचं अंतर

आपला रत्नागिरी जिल्हा घ्या. नऊ तालुके, २०११ च्या जनगणनेत वस्ती सोळा लाखांवर. त्या गणतीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका भरल्या. याचं कारण तुम्हां-आम्हांला पुस्तकात पाहावं लागत नाही. घरचा कर्ता पुरुष मुंबईला, आणि गावात म्हातारी सासू, पोरंबाळं, गुरं आणि ती एकटी! रात्री-बेरात्री कुणी आजारी पडलं, तर डोलीला खांदा द्यायलाही माणूस शोधावा लागतो.

सरकारी मोजमाप डोक्यांवर चालतं. सपाटीवर तीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ भागात वीस हजारांना. उपकेंद्र सपाटीवर पाच हजारांना, डोंगरात तीन हजारांना. हिशेब वाईट नाही. पण कोकणातलं गाव म्हणजे एका ठिकाणी मांडलेला पाट थोडाच आहे! एक वाडी सड्यावर, दुसरी खाडीच्या कडेला, आणि दोहोंच्या मध्ये पऱ्या. उन्हाळ्यात दहा मिनिटांची वाट. आषाढात पऱ्याला पाणी चढलं आणि साकव नसला, की तीच वाट तासाची होते. दिवस भरलेल्या पोरीला घेऊन त्या वाटेनं जायची पाळी आली म्हणजे वीस हजारांचा हिशेब काय कामाचा? हे अंतर जिला ठाऊक आहे, तिचं मत आराखडा करताना घेतलं तर कागदही शहाणा होतो.

वेळेचंही तसंच. दवाखाना सकाळी उघडतो. एसटीची पहिली फेरी तिथे पोचते उशिरा आणि परतीची गाडी सुटते लवकर. मधल्या वेळात रांग, तपासणी, औषध. गाडी चुकली तर दिवसाची मजुरी बुडाली. मग ती बाई काय करते? अंगावर काढते! वेळापत्रकं जुळवायला काही लाखो रुपये लागत नाहीत. कुणीतरी बैठकीत उठून सांगायला मात्र लागतं.

आणि आजारपणाचं पंचांग! भातलावणीत चिखलात उभं राहायचं, पायाला भेगा, आणि उंदरांच्या नि गुरांच्या मूत्रातून पाण्यात उतरलेला लेप्टोचा जंतू त्या भेगांतून अंगात शिरतो. कापणीला साप-विंचू. एप्रिल-मे मध्ये विहिरी आटल्या की पोटाच्या तक्रारी. गणपती-शिमग्याला चाकरमानी आले की दवाखान्यातही गर्दी. हे पंचांग प्रत्येक गृहिणीला पाठ आहे. मग लोणच्याची बरणी जशी आपण पावसाआधी भरतो, तशी सर्पदंशाची लस केंद्रावर आधी भरून नको का ठेवायला?

शेजारच्या रायगड जिल्ह्यात महाड भागात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून किती जीव वाचवले! गोळी मोठी महागाची नव्हे. पण ती गावाजवळच्या केंद्रात, वेळेवर, हाताशी असली तरच तिचा उपयोग. ती तिथे आहे की नाही हे पाहण्यासाठी डॉक्टरकीची पदवी लागत नाही.

जागेचा प्रश्न तर फारच मोठा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडालं, ते आपण विसरलेलो नाही. शहरातल्या कोविड रुग्णालयातही पाणी शिरलं, वीज गेली, आणि तिथे रुग्णांचे प्राण गेले. २००५ च्या जुलैमध्येही चिपळूणकरांनी पूर पाहिला होता. कुठल्या आळीत पाणी कुठल्या पायरीपर्यंत येतं, हे त्या-त्या घरातल्या आजीबाई बोट ठेवून दाखवतात. रुग्णालयाची, औषधसाठ्याची, जनित्राची जागा ठरवताना त्या बोटाकडे पाहायलाच हवं.

ही कल्पना कालची नव्हे

“लोकांना विचारून दवाखाना? हे काय नवीन खूळ!” असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा, खूळ फार जुनं आहे. मूळ नाशिकचे सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली, स्वातंत्र्याच्याही आधी, गावोगाव आरोग्य समिती असावी असं सुचवून ठेवलं.

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं नगर जिल्ह्यात (आताच्या अहिल्यानगरात) जामखेडला गेलं. गावकऱ्यांना औषधाआधी पाणी आणि अन्न हवं होतं. डॉक्टरांनी ते ऐकून घेतलं, हा त्यांचा मोठेपणा. पुढे गावातल्याच, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना शिकवून त्यांनी आरोग्यसेविका केल्या. बाळंतपण, लसी, मुलांचं खाणं, पाण्याची स्वच्छता, सारं त्या सांभाळू लागल्या आणि जगभरची माणसं जामखेड पाहायला येऊ लागली. १९७८ मध्ये आल्मा-आटा इथे भरलेल्या जागतिक परिषदेने तर म्हटलं, की आरोग्यसेवेच्या आखणीत भाग घेणं हा लोकांचा हक्कही आहे आणि कर्तव्यही.

नियमाच्या पेटीत काय आहे?

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. ‘आशा’ताई त्यातूनच आपल्या दारात आल्या. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती आपल्या दारापर्यंत पोचलीच नाही. ती म्हणजे गावाची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. केंद्राच्या सूचनांप्रमाणे तिच्यात किमान पंधरा माणसं हवीत आणि त्यांतल्या निम्म्या तरी बायका. गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायला वर्षाला दहा हजार रुपयांचा निधी या समित्यांसाठी ठरला. आराखडा करायचं कामही तिचंच.

आरोग्य केंद्रात आणि रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. तिचा उगम इंदूरचा! १९९४-९५ च्या सुमारास तिथल्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाची साफसफाई लोकांनी आणि अधिकाऱ्यांनी मिळून केली, त्यातून ही पद्धत पुढे देशभर गेली. उपकेंद्रांना आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ म्हणतात. तिथे जन आरोग्य समितीची तरतूद आहे.

आणि आपण शहरवाल्या? २०१३ मध्ये नागरी आरोग्य अभियान सुरू झालं. पन्नास हजारांवरची शहरं आणि जिल्ह्याची ठिकाणं त्यात येतात. आपली रत्नागिरी दोन्ही कसोट्यांना उतरते. या अभियानात वस्तीवस्तीत महिला आरोग्य समिती असते: पन्नास ते शंभर घरांमागे दहाबारा बायका, आणि वर्षाला पाच हजारांचा निधी. गरीब वस्त्यांसाठी हिचं महत्त्व फार. मिरकरवाड्याला मासळीचं काम करणाऱ्या बाईला, आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबाला काय हवं, हे तिथली बाईच सांगणार.

विचारलं म्हणजे काय होतं?

कागदी समित्यांनी काही होत नाही, हे खरं. पण २००७ पासून महाराष्ट्रात एक प्रयोग झाला, तो ऐकण्यासारखा आहे. लोकाधारित देखरेख व नियोजन असं त्याचं भारदस्त नाव. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचा धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत, सव्वादोनशे गावांपासून सुरुवात झाली. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेने राज्यभरची जुळणी पाहिली. पुढे आणखी जिल्हे त्यात आले.

गावकऱ्यांनी स्वतःच आपल्या आरोग्यसेवेचं प्रगतिपुस्तक भरलं. नर्सबाई येतात का? औषध बाहेरून आणायला सांगतात का? बाळंतपणाला पैसे मागतात का? चांगल्याला हिरवा रंग, बऱ्यापैकीला पिवळा, वाईटाला लाल. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही लाल म्हणजे काय ते कळलं! मग जनसुनवाई भरली. अधिकारी समोर बसले, आणि लोकांनी आपली गाऱ्हाणी उभं राहून मांडली. बाहेरची चिठ्ठी देणं कमी झालं, घेतलेले पैसे काही ठिकाणी परत करावे लागले, बंद पडलेली उपकेंद्रं उघडली. कित्येक ठिकाणी डॉक्टरांनाही बरंच वाटलं, कारण त्यांच्याही अडचणी पहिल्यांदाच वरपर्यंत पोचल्या. डॉक्टरांची रिकामी जागा समिती भरू शकत नाही. पण ती रिकामी आहे हे विसरू मात्र देत नाही.

आता आपण काय करायचं?

घरखर्चाची वही ठेवतो ना, तसंच एक पान या कामाला द्या.

१. आपल्या भागातल्या आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या बाईंना विचारा: समिती आहे का? सभासद कोण? शेवटची बैठक कधी झाली?

२. गेल्या वर्षीचा निधी कशावर खर्च झाला ते पाहा. पावडर-फिनेल आणि खुर्च्या एवढंच दिसलं, तर यंदा काय हवं ते आधी लिहून द्या.

३. जुनापासून मेपर्यंत बारा महिन्यांची यादी करा. कोणत्या महिन्यात काय आजार, कुठली वाट बंद, कुठलं पाणी खराब. चार शेजारणी बसल्या तर दुपारभरात होते. हाच आपला आराखडा!

४. गावी सासर असेल तर सुटीत गेल्यावर ग्रामसभेची तारीख विचारा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. तिथे आरोग्याचा विषय मांडा आणि ठराव लिहून घ्यायला लावा. नुसतं बोललेलं वाऱ्यावर जातं.

५. शहरात नगरसेविकेला गाठा. राज्यात २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्या काय हळदीकुंकवापुरत्या?

६. हक्क ठाऊक असू द्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत तपासणी-उपचार मोफत आहेत. माहिती मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांत अर्ज करता येतो.

एक पथ्य मात्र पाळा. समितीत नाव बाईचं आणि बैठकीला यजमान, असं होऊ देऊ नका. स्वयंपाक आटपून, पोरांना शेजारी ठेवून स्वतः जा. पहिल्या बैठकीला आवाज कापेल, दुसरीला कमी कापेल. आणि नर्सबाईंशी, आशाताईंशी भांडायला म्हणून जाऊ नका. त्याही आपल्यासारख्याच, घर सांभाळून वाड्या पालथ्या घालणाऱ्या बायका आहेत. त्यांच्या उपकेंद्राला पाणी, दिवा आणि नीटसं न्हाणीघर आहे का, हेही आपणच विचारायचं.

तर मग, यंदाची पावसाळ्याची बेगमी करताना सोलं, पापड, लाकूडफाटा यांच्या यादीत आणखी एक ओळ घाला: केंद्रावर सर्पदंशाची लस आली का, आणि साकव दुरुस्त झाला का?