कामाचे हातमोजे: शिवावेत केव्हा, टाकून द्यावेत केव्हा?

भिलाईच्या पोलाद कारखान्यापासून वेल्डिंगच्या एखाद्या लहानशा शेडपर्यंत, कामगाराचा हातमोजा बहुधा त्याच त्या ठिकाणी फाटतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधील बेचकीत शिवण उसवते, बोटांची टोके पातळ होतात किंवा तळव्याला भोक पडते. असा मोजा शिवून आणखी काही दिवस वापरावा की टाकून द्यावा, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात कामगाराची बोटे शाबूत राहणे त्यावर अवलंबून असते. या प्रश्नाचे उत्तर मोजा किती फाटला आहे यापेक्षा तो हाताचे कशापासून रक्षण करतो, यावर ठरते.

पोलादाचे शहर

छत्तीसगडमधील भिलाई हे मुंबई-हावडा रेल्वेमार्गावरील, नागपूर आणि रायपूर यांच्या दरम्यानचे शहर. येथील पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये करार झाला. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. दहा लाख टन वार्षिक क्षमतेने सुरू झालेला हा कारखाना पुढे विस्तारत गेला आणि भारतीय रेल्वेच्या रुळांचा प्रमुख पुरवठादार बनला. दुर्ग आणि भिलाईचा हा परिसर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. मराठी भाषकांशी त्याचा संबंध तेव्हापासूनचा आहे.

मुख्य कारखान्याभोवती हथखोजसारख्या औद्योगिक वसाहतींमध्ये अनेक लहान-मोठे उद्योग आहेत. पोलाद शहरात एका प्रकारच्या मोज्याने भागत नाही. पत्रे उचलणारा, वेल्डिंग करणारा, विजेच्या जोडण्या करणारा आणि आम्लाच्या टाकीवर काम करणारा अशा प्रत्येकाचा मोजा वेगळा असतो. त्याची झीजही वेगळ्या कारणाने होते.

झीज कशामुळे होते?

चामडी मोज्यांसाठी बहुतेक वेळा गाई-म्हशींच्या कातड्याचा खालचा, खरखरीत थर वापरला जातो. हा थर जाड आणि स्वस्त असतो व ठिणग्यांना चांगला तोंड देतो. मात्र वरच्या गुळगुळीत थरापेक्षा त्याचे तंतू सैल असल्याने तो घर्षणाने लवकर सुटू लागतो. कापलेल्या पत्र्याच्या कडेला राहिलेले धारदार कोर आणि वायर रोपच्या तुटलेल्या तारा हे त्याचे मोठे शत्रू होत.

दुसरे कारण उष्णता. चामडे हे मूलतः प्रथिनांच्या तंतूंचे जाळे आहे. वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले चामडे ओल्या अवस्थेत सुमारे ७० ते ८५ अंश सेल्सिअसला आकसते. क्रोमने कमावलेले चामडे साधारण १०० अंशांपर्यंत टिकते. म्हणूनच वेल्डिंगच्या मोज्यांसाठी क्रोमचे चामडे वापरले जाते. तरीही एकदा आकसून कडक झालेला मोजा तेल लावून पूर्ववत होत नाही. त्याचे तंतू कायमचे बिघडलेले असतात आणि वाकविल्यावर ते तडकतात.

घाम हे तिसरे कारण. घामातील क्षार आणि ओलावा शिवणीचा सुती धागा कुजवितात. ओला मोजा आणखी एका अर्थाने घातक असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. कोरड्या मोज्याच्या तंतूंमध्ये अडकलेली हवा हाताचे जे रक्षण करते, ते मोजा भिजताच नाहीसे होते. गरम वस्तू धरल्यावर आतल्या पाण्याची वाफ होऊनही हात भाजू शकतो.

मोजे अधिक काळ कसे टिकतील?

मोज्याचे आयुष्य वाढविण्याची सुरुवात खरेदीपासून होते. भारतात चामडी आणि सुती सुरक्षा मोज्यांसाठी 'आयएस ६९९४' हे मानक आहे. अनेक मोज्यांवर 'ईएन ३८८' या युरोपीय मानकाचे चिन्ह आणि त्याखाली आकड्यांची ओळ असते. त्यातील पहिला आकडा घर्षणाचा असतो. पातळी १ साठी मोज्याच्या तुकड्याला घासण्याच्या १०० फेऱ्या, तर पातळी ४ साठी ८,००० फेऱ्या सहन कराव्या लागतात. स्वस्त मोजा खरोखर स्वस्त आहे का, हे या एका आकड्यावरून बरेचसे कळते. तळव्याला दुहेरी चामडे आहे का आणि शिवणीच्या मध्ये चामड्याची पट्टी घातली आहे का, हेही पाहावे. ही पट्टी धागा झाकते. घर्षण आणि ठिणग्या आधी पट्टीवर पडतात, धाग्यावर नाही.

वापरातील काही साध्या सवयीही उपयोगी पडतात. पत्रा उचलण्यापूर्वी त्याच्या कडा कानशीने घासून घ्याव्यात. गरम तुकडा हाताने न धरता सांडशीने धरावा. 'ईएन ४०७' या मानकातील स्पर्शउष्णतेच्या चाचणीत पातळी १ साठी १०० अंशांचा आणि सर्वोच्च पातळी ४ साठी ५०० अंशांचा पृष्ठभाग धरून मोज्याने किमान १५ सेकंद रक्षण करणे अपेक्षित असते. उत्तम मोजाही कामगाराला काही क्षणांची उसंत देतो, तासन्‌तास गरम लोखंड धरण्याची परवानगी देत नाही, हे यावरून लक्षात यावे.

शक्य असल्यास दोन जोड आलटून पालटून वापरावेत, म्हणजे एक जोड पूर्ण वाळतो. मोजे सावलीत, हवेशीर जागी, बोटे खाली करून टांगावेत. भट्टीजवळ किंवा गरम पाइपवर ते वाळत घालू नयेत. चामडी मोज्यांवरील धूळ कोरड्या ब्रशने झाडावी. ते रॉकेल किंवा पेट्रोलने धुणे सर्वथा टाळावे, कारण हे द्रव चामड्यातील स्निग्धांश काढून घेतात आणि ज्वालाग्राही अंश मागे ठेवतात. तेल-ग्रीसने माखलेला मोजा ठिणगीने पेट घेऊ शकतो. त्यामुळे वेल्डिंगच्या मोज्यांना मऊपणासाठी तेल लावणेही योग्य नव्हे. विणलेले सुती मोजे दोन्ही हातांत बसणारे असतील, तर ते रोज अदलाबदल करून घालावेत. त्यामुळे झीज दोन्ही बाजूंना विभागली जाते.

दुरुस्तीची योग्य रीत

सामान उचलणे, विटा-लाकूड हाताळणे किंवा बागकाम करणे अशा कामांत मोज्याचे काम मुख्यतः हाताला घासण्यापासून वाचविणे एवढेच असते. असे मोजे दुरुस्त करणे शहाणपणाचे ठरते. मात्र ते भोक लहान असतानाच करावयास हवे.

उसवलेली शिवण दोन्ही बाजूंनी पक्क्या टाक्यांपर्यंत मागे उलगडावी आणि शक्यतो जुन्याच छिद्रांतून नवा दोरा ओवावा. नवी छिद्रे जवळजवळ पाडली, तर चामडे टपाल तिकिटांच्या कडेप्रमाणे त्याच रेषेवर फाटते. मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया लावून, प्रत्येक छिद्रातून दोन्ही बाजूंनी सुई काढण्याची चर्मकारांची पद्धत येथे सर्वोत्तम ठरते. यंत्राच्या शिवणीत एक धागा तुटला की शेजारचे टाके सैल होऊ लागतात. दोन सुयांच्या शिवणीत एका टाक्याचा दोरा झिजला तरी पुढचे टाके आपली पकड सोडत नाहीत. पदपथावर बसणारा चर्मकार आरी आणि रापी घेऊन हे काम सहज करू शकतो.

ठिगळ बाहेरून लावावे. आतून लावल्यास त्याची कड हाताला घासून फोड येतात. ठिगळाचे चामडे टाकून दिलेल्या मोज्याच्या मनगटाकडील भागातून मिळते, कारण तो भाग सहसा झिजलेला नसतो. ठिगळाचे कोपरे गोल कापावेत आणि कडा रापीने पातळ कराव्यात, म्हणजे ते कुठे अडकत नाही. काम पूर्ण झाल्यावर मोजा उजेडासमोर धरून पाहावा, शिवण ओढून पाहावी आणि मोजा घालून मूठ वळवून अवजार नीट धरता येते की नाही याची खात्री करावी. दुरुस्तीनंतर पकड ढिली झाली असेल, तर तो मोजा वाचला असे म्हणता येत नाही.

ठिगळ जेथे फसवे ठरते

उष्णता, वीज, रसायने आणि धारदार पाती यांपासून रक्षण करणाऱ्या मोज्यांची गोष्ट वेगळी आहे. या मोज्यांचे संरक्षण सलगपणावर अवलंबून असते. ठिगळाने भोक दिसेनासे होते, पण धोका जागच्या जागी राहतो.

वेल्डिंग आणि भट्टीच्या मोज्याच्या तळव्याला किंवा बोटांना भोक पडले, चामडे कडक झाले किंवा करपले, तर तो टाकून द्यावा. नायलॉनचा धागा सुमारे २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळतो आणि सुती धागा जळतो. या मोज्यांच्या शिवणीसाठी अरामिड धागा वापरला जातो, कारण तो वितळत नाही. मनगटाकडील शिवण थोडीशी उसवली असेल, तरच ती त्याच धाग्याने शिवता येईल. रबर सोल्युशनने चिकटविलेले ठिगळ तर उष्णतेत मऊ होऊन सुटते किंवा पेटते.

विजेच्या कामाचे रबरी मोजे कधीही घरी अथवा कार्यशाळेत दुरुस्त करू नयेत. वापरापूर्वी दरवेळी मोज्याचे तोंड गुंडाळत आणून आत हवा कोंडावी आणि ती कोठून निसटते का, हे कानाजवळ धरून तपासावे. या मोज्यांची विजेच्या दाबाखालील चाचणी आंतरराष्ट्रीय प्रथेनुसार दर सहा महिन्यांनी केली जाते. डोळ्यांना न दिसणारे छिद्रही येथे जीवघेणे ठरू शकते. रबरावर ओरखडे पडू नयेत म्हणून वरून चामडी मोजा घालतात. रबरी मोजे घडी न घालता, ऊन आणि तेलापासून दूर ठेवावेत.

आम्ल व द्रावकांसाठीच्या मोज्यांत रसायन भोक नसतानाही हळूहळू झिरपते. मोजा फुगला, चिकट झाला किंवा त्याचा रंग बदलला, तर त्याची मुदत संपली असे समजावे. न कापल्या जाणाऱ्या तंतूंच्या विणलेल्या मोज्याला साध्या सुताने रफू केल्यास नेमकी तीच जागा सर्वांत कमकुवत होते.

जुन्या भांडारात ॲस्बेस्टॉसचे विणलेले मोजे आढळल्यास ते शिवू नयेत आणि झटकूही नयेत. एकेकाळी भट्टीच्या कामांत असे मोजे सर्रास वापरले जात. त्यांचे तंतू श्वासावाटे फुफ्फुसांत गेल्यास कर्करोग होऊ शकतो.

लेथ किंवा ड्रिलसारख्या फिरत्या यंत्रावर तर मोजा घालणेच धोक्याचे असते. यंत्रात मोजा अडकला तर त्याच्यासोबत हातही ओढला जातो. शिवणीचा लोंबणारा दोरा हा धोका वाढवितो.

नव्या जोडाचे पैसे कोणी द्यायचे?

फाटका मोजा शिवत राहण्यामागे अनेकदा काटकसर नसून नाइलाज असतो. नवा जोड मागितला तर मुकादम काय म्हणेल, मजुरीतून पैसे कापले जातील का, ही भीती कंत्राटी कामगाराला अधिक असते.

याबाबत कायदा स्पष्ट आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामकाजाची स्थिती संहिता, २०२० नुसार, कामाच्या ठिकाणी सुरक्षितता व आरोग्य राखण्यासाठी जे काही पुरविले जाते, त्याचे शुल्क कर्मचाऱ्याकडून घेता येत नाही. गंभीर इजेची रास्त भीती वाटल्यास ती मालकाच्या निदर्शनास आणण्याचा अधिकारही कामगाराला आहे. त्याच वेळी, दिलेल्या साधनांचा दुरुपयोग न करण्याची आणि स्वतःच्या सुरक्षिततेची काळजी घेण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

मोज्याच्या मर्यादाही विसरता येत नाहीत. भिलाई कारखान्यात ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हन विभागाच्या वायुवाहिनीवर देखभालीचे काम सुरू असताना लागलेल्या आगीत दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला. अशा प्रसंगी कोणताही हातमोजा पुरा पडत नाही. धोका मुळातच दूर करणे, यंत्रांना आडोसे घालणे आणि कामाची सुरक्षित पद्धत ठरविणे हे उपाय आधी येतात. मोजा ही अखेरची भिंत होय.

ही भिंत शाबूत ठेवण्यासाठी मोठा खर्च लागत नाही. पाळी सुरू होण्यापूर्वी मोजे उजेडात पाहणे, दुरुस्तीयोग्य आणि टाकाऊ जोड वेगळे ठेवणे, फाटका जोड दाखविताच नवा मिळेल अशी व्यवस्था करणे एवढे पुरेसे आहे. टाकाऊ मोजे कात्रीने कापून टाकावेत. तसे केले नाही तर ते दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात पुन्हा चढतात. हा दुसरा कोणी बहुधा सर्वांत नवखा मजूर असतो आणि त्याला ते ठिगळ कशाला लावले होते, हे ठाऊक नसते.