विश्लेषण : घरच्या अ‍ॅक्वेरियममध्ये कॅटफिशची पिल्ले का दगावतात? विदर्भाच्या उकाड्यात ती कशी जगवायची?

मृगाची पहिली सर येते, हवा गार होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅक्वेरियमच्या काचेला मोहरीएवढे पारदर्शक दाणे चिकटलेले दिसतात. घरी कोरीडोरस जातीचे कॅटफिश पाळणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. अंडी फुटतात, पिल्ले वळवळू लागतात आणि आठवडाभरात एकेक करून तळाशी निपचित पडतात. पिल्ले उपाशी मेली, असा बहुतेकांचा समज होतो. म्हणून पुढच्या वेळी जास्त खाद्य टाकले जाते आणि पिल्ले आणखी लवकर मरतात. खरे कारण बहुधा पाण्यात असते. सेवाग्राम-वर्ध्यासारख्या भागात, जिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तिथे तर हे गणित समजून घेणे अधिकच गरजेचे आहे.

हा कॅटफिश नेमका कोणता?

ओठांजवळ मिशा असलेल्या माशांच्या मोठ्या गटाला कॅटफिश म्हणतात. आपल्याकडचे मागूर आणि शिंगी त्यातलेच. कोरीडोरस मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो जेमतेम सहा-सात सेंटिमीटर वाढतो, तळाशी थव्याने फिरतो आणि छोट्या टाकीत सुखाने राहतो. दुकानात मात्र ‘बेबी कॅटफिश’ म्हणून काहीही हातात पडू शकते. ‘शार्क’ नावाने विकला जाणारा पंगासियस मीटरभराहून मोठा होतो. काच साफ करणारा म्हणून घेतलेला सकर फूट-दीड फुटांचा होतो. त्यामुळे पिल्लू घेण्याआधी ‘हा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो?’ हा एक प्रश्न विचारायलाच हवा.

अंडी पावसातच का?

कोरीडोरसच्या मूळ प्रदेशात पाऊस पडला की नद्यांत गार, ताजे पाणी येते आणि पिल्लांना खाद्य मुबलक मिळते. हवेचा दाब उतरणे आणि पाण्याचे तापमान दोन-तीन अंशांनी घटणे, हे त्यांच्यासाठी विणीचे संकेत असतात. म्हणूनच टाकीतले पाणी बदलून थोडे गार पाणी घातले, तरी काही वेळा मादी अंडी देते. विदर्भात अडचण अशी की, पहिल्या सरीनंतर पाऊस अनेकदा दडी मारतो आणि ऊन पुन्हा तापते. अंडी गारव्यात पडतात, पिल्लांचे पहिले दिवस मात्र उकाड्यात जातात.

पहिल्या आठवड्यात काय करावे?

मोठे मासे स्वतःचीच अंडी खातात. त्यामुळे अंडी काही तासांत थोडी कडक झाली की बोटाने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने अलगद सोडवून वेगळ्या टाकीत ठेवावीत. १५ ते २० लिटरची टाकी पुरते. तिच्यात पाणी मोठ्या टाकीतलेच घ्यावे. पांढरी पडलेली अंडी फलित झालेली नसतात. त्यांना बुरशी लागते आणि ती शेजारच्या अंड्यांवर पसरते, म्हणून ती रोज काढावीत. देशी बदामाचे वाळलेले पान पाण्यात टाकले तर त्यातील टॅनिनमुळे बुरशीला काहीसा आळा बसतो.

सुमारे २५ अंश तापमानात अंडी तीन ते पाच दिवसांत फुटतात. पिल्लाच्या पोटाशी अन्नाची छोटी पिशवी असते. पुढचे दोन-तीन दिवस ते त्यावरच जगते. या काळात काहीही खाऊ घालू नये. टाकलेले खाद्य फक्त कुजते.

खाद्य कोणते, किती?

पिशवी संपली की नुकतीच उबवलेली आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म कोळंबी, हे सर्वांत चांगले खाद्य. तिची सुकी अंडी अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात डबीत मिळतात. एक लिटर पाण्यात साधारण २५ ग्रॅम मीठ विरघळवून, हवा सोडत ठेवले की २४ ते ३६ तासांत ती फुटतात. बारीक कापडातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन द्यावीत. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक हा जुना उपाय आहे, पण तो पाणी झपाट्याने खराब करतो. दिवसातून तीन-चार वेळा, चिमटीहून कमी. तासाभरानंतर तळाशी खाद्य उरलेले दिसले, तर ते जास्त झाले असे समजावे.

पिल्ले दगावतात कशाने?

माशांच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. स्थिरावलेल्या टाकीत फिल्टरवर राहणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. त्यामुळे पिल्लांच्या टाकीत नवा कोरा फिल्टर लावू नये. मोठ्या टाकीत महिनाभर चाललेला स्पंज फिल्टर उचलून लावावा.

दुसरा मुद्दा पाण्याच्या स्वभावाचा. या भागातील बेसॉल्ट खडकातून येणारे विहिरी-बोअरचे पाणी साधारणपणे जड आणि किंचित अल्कधर्मी असते. पीएच ७ असताना २५ अंशांना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळपास दहापट. तापमान वाढले की त्यात आणखी भर पडते.

उपाय साधा आहे. रोज १५ ते २० टक्के पाणी बारीक नळीने तळातून काढावे आणि तितकेच, त्याच तापमानाचे पाणी हळूहळू घालावे. नळाचे पाणी असेल तर क्लोरिन जाण्यासाठी ते २४ तास उघडे ठेवावे किंवा क्लोरिन घालवणारे औषध वापरावे.

४५ अंशांत पाणी गार कसे ठेवायचे?

कोरीडोरसला २२ ते २६ अंश तापमान मानवते. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो. ३५ अंशांना हे प्रमाण सातच्या खाली येते. म्हणजे उष्णतेत अमोनिया वाढतो आणि श्वासही कोंडतो.

इथे माठाचे तत्त्व कामी येते. टाकीचे झाकण काढून, वर जाळी टाकून छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडला की बाष्पीभवनाने पाणी दोन-चार अंशांनी उतरते. मे महिन्यातील कोरड्या हवेत हा उपाय छान चालतो. पावसाळी दमट हवेत तो निष्प्रभ ठरतो, पण तेव्हा त्याची गरजही कमी असते. बाष्पीभवनात क्षार मागेच राहतात. त्यामुळे घटलेले पाणी भरून काढताना आरओचे पाणी वापरावे. बर्फ थेट टाकू नये. अचानक बदललेले तापमान पिल्लांना सोसत नाही.

लाइन गेली तर?

पंप बंद पडला की दोन गोष्टी थांबतात : पाण्यात हवा मिसळणे आणि स्पंजमधून पाणी वाहणे. बॅटरीवर चालणारा छोटा पंप किंवा पॉवर बँकेवर चालणारा यूएसबी पंप जवळ ठेवावा. तोही नसेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी कपभर पाणी काढून वरून धार सोडावी. लाइन येईपर्यंत खाद्य बंद.

जास्तीच्या पिल्लांचे काय?

हा प्रश्न शेवटी येतो, पण विचार आधी करावा लागतो. एका विणीत शंभरावर अंडी असू शकतात. दीड-दोन महिन्यांत पिल्ले दोन सेंटिमीटरची होतात आणि जागा अपुरी पडते. अशा वेळी पवनारच्या धाम नदीत किंवा गावतळ्यात ती ‘सोडून देणे’ अनेकांना दयेचे काम वाटते. पण ते तसे नाही. अ‍ॅक्वेरियमसाठी आलेला सकर मासा आज उजनी जलाशयात मच्छीमारांची डोकेदुखी झाला आहे. त्याच्या काटेरी कवचाने जाळी फाटतात. आफ्रिकन मागूर या परदेशी कॅटफिशच्या संवर्धनावर केंद्राने २००० मध्ये बंदी घातली. तरीही तो पसरत राहिल्याने राष्ट्रीय हरित लवादाला २०१९ मध्ये साठा नष्ट करण्याचे आदेश द्यावे लागले. कोरीडोरस आकाराने छोटा असला, तरी त्याच्यासोबत टाकीतील रोग आणि परजीवीही नदीत जातात. धामचे पाणी पुढे वर्धेला आणि शेवटी गोदावरीला मिळते. एकदा सोडलेला मासा परत आणता येत नाही.

म्हणून काचेवर अंडी दिसतील त्याच दिवशी ठरवा : किती पिल्ले सांभाळता येतील, किती मित्रांना किंवा दुकानदाराला देता येतील. तेवढीच अंडी वेगळी काढा. उरलेली काचेवरच राहू द्या, मोठे मासे ती खाऊन टाकतील. शंभर पिल्ले जन्माला घालून ऐंशी गमावण्यापेक्षा वीस नीट वाढवणे, हेच या छंदातले खरे यश.