हंडा मोडीत घालण्याआधी

आज आपण माळ्यावरच्या वस्तूंबद्दल बोलणार आहोत. हंडे, घागरी, समया, अडकित्ते, जुनी पेटी, आजेसासूबाईंचा पाळणा. या वस्तू किती जुन्या, कशाच्या आणि त्यांचा भाव काय, हे घरबसल्या कसं ओळखायचं ते पाहू.

हा विषय का घेतला, ते आधी सांगते. चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या पट्ट्यात कारखाने आले तशी जुनी मातीची घरं आणि वाडे पडून स्लॅबची घरं उभी राहिली. घर पाडायचं ठरलं की भंगाराचा टेम्पो दारात येतो. आपल्या भागात भंगार हा मोठा धंदा. कारखान्यातला लोखंडाचा चुरा जसा वजनावर जातो, तशीच घरातली समईही वजनावर जाते. काटा त्याचा, दरही तोच सांगणार. दुपारी घरात बाई एकटी असते आणि तासाभरात तीन पिढ्यांची भांडी गाडीत चढतात.

आणि ही भांडी बहुतेक वेळा कुणाची असतात? बाईची. पूर्वी रुखवतात, बारशाला, ओटीभरणाला पितळ-तांब्याची भांडी देत आणि त्यावर नाव घालून देत. माहेरहून आलेलं ते भांडं म्हणजे तिचं स्त्रीधन. त्यावर तिचा हक्क, आणि विकायचं की नाही हे ठरवायचा अधिकारही तिचाच. म्हणून त्याची किंमत तिला कळायला हवी.

जुन्या वस्तूला तीन भाव असतात. पहिला मोडीचा, म्हणजे निव्वळ धातूचा किंवा लाकडाचा. दुसरा वापराचा. पाळणा चांगला असेल तर कुणी पाळणा म्हणूनच घेईल. तिसरा हौसेचा. जुन्या वस्तू जमवणारा माणूस तिच्या घडणीचे आणि जुनेपणाचे पैसे देतो. प्रत्येक जुनी वस्तू तिसऱ्या भावाची नसते, हेही लक्षात ठेवा. साधी घागर गावोगाव हजारोंनी होती, तिला बहुधा मोडीचाच भाव येईल. पण मोडीचा भाव हा तळ आहे. त्याच्या खाली जायचं नाही.

आता ओळखायचं कसं? सुरुवात धातूपासून. तांबं लालसर, पितळ पिवळं, कासं जरा फिकट. ताटली बोटांवर तोलून हलकेच वाजवा. काशाचा नाद लांबवर घुमतो, पितळेचा लवकर विरतो. पडलं तर पितळेला पोचा येतो, काशाला तडा जातो किंवा ते फुटतं. भांड्याला चुंबक लावून पाहा. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता पितळी मुलामा. आतून पांढरं दिसतं ती बहुतेक वेळा कल्हई असते. त्यावरून भांडं ॲल्युमिनियमचं समजू नका, ते वजनावरून लगेच कळतं.

मग घडण पाहा. जुन्या हंड्याच्या पोटावर किंवा बुडाजवळ पत्रे एकमेकांत अडकवून जोडल्याची दातेरी रेघ दिसते. यंत्रावर फिरवून केलेल्या भांड्यावर बारीक गोल रेघा असतात. नुसत्या ठोक्यांच्या खुणा दिसल्या म्हणून भांडं जुनं ठरत नाही. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत आजही हाताने ठोकून भांडी घडवतात. झीज कुठे आहे तेही बघा. खरी झीज हात लागतो तिथे, कडीला, काठाला आणि बुडाला असते. सगळीकडे सारखाच काळपटपणा असेल, तर तो मुद्दाम आणलेला असू शकतो.

सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे भांड्यावर घातलेलं नाव. त्यात गाव, तारीख, कधी शकाचं वर्ष असतं. शकात 78 मिळवले की साधारण इसवी सन येतो. शके 1850 म्हणजे 1928. शेर, अधोली, पायली अशी मापं असतील तर तीही जपा. 1956 च्या कायद्यानंतर देशात हळूहळू किलो-लिटर आले. त्याआधीच्या मापांवर सरकारी ठसे असतील तर हौशी लोक ते आधी बघतात.

नाण्यांचं थोडं वेगळं आहे. राणीछाप आणि राजाछाप चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे सुमारे 11.66 ग्रॅम, आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. 1940 पासूनच्या रुपयात चांदी निम्म्यावर आली. 1947 चा रुपया निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. म्हणून नाण्यावरचं साल वाचल्याशिवाय सोनाराकडे देऊ नका. आणि मोबाइलवर ‘जुनी नोट द्या, लाखो रुपये घ्या, आधी फी भरा’ असं कुणी म्हटलं तर ती फसवणूक समजा. रिझर्व्ह बँक असे व्यवहार करत नाही, असं तिने स्वतः 2021 मध्ये जाहीर केलं आहे.

आता लाकूड. जुन्या पेटीचा खण बाहेर काढून मागची बाजू बघा. हाताने रंधलेली फळी थोडी उंचसखल लागते. सांध्यात एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून लाकडी खुंटी मारलेली असते. प्लायवूड किंवा चौफुलीच्या खाचेचे स्क्रू दिसले तर काम अलीकडचं, किंवा मागाहून दुरुस्ती झालेली.

वाडा पाडताना लाकडाचा उक्ता सौदा करू नका. मोजा. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करून 144 ने भागा, की घनफूट निघतात. खांब 8 फूट लांब आणि 9 बाय 9 इंच असेल, तर साडेचार घनफूट. कोरीव दरवाजा चौकटीसकट वेगळा ठेवा. अखंड दरवाजाला दरवाजाचा भाव येतो, फळ्या सुट्या केल्या की फक्त लाकडाचा.

भिंतीवरची देवादिकांची जुनी चित्रंही काचेसकट फेकली जातात. राजा रविवर्मांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे आपल्या मावळातच, लोणावळ्याजवळ मळवलीला आला. चित्राच्या खालच्या कडेला छापखान्याचं नाव आहे का बघा. भिंगातून सारख्या ओळीत ठिपके दिसले तर छपाई अलीकडची.

मोडी लिपीतले कागद आणि पोथ्या रद्दीत अजिबात घालू नका. 1910 मध्ये स्थापन झालेलं पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ अशाच कागदांचा अभ्यास करतं. त्यात तुमच्या जमिनीचा किंवा घराण्याचा दाखलाही निघू शकतो.

दोन कायदे माहीत असू द्या. 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, काही हस्तलिखितांना 75 वर्षं पुरतात. अशी वस्तू आपण परदेशी पाठवू शकत नाही, तिच्या व्यापाराला परवाना लागतो आणि जुन्या मूर्ती, चित्रं यांची नोंदणी करावी लागते. दुसरा कायदा 1878 चा. पाया खणताना जमिनीत पुरलेलं धन सापडलं आणि ते दहा रुपयांहून जास्त मोलाचं असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि देवळाबाहेरच्या वीरगळी गावाच्या आहेत, त्या कुणी एकट्याने विकायच्या नाहीत.

वस्तू विकायचीच असेल तर घाई नको. चिंच, राख लावून लखलखीत करू नका, जुना रंग खरवडू नका, त्याने हौशी माणसाचा भाव उतरतो. वजन आपल्या काट्यावर करा. तीन ठिकाणी दर विचारा. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे आधी नुसतं फिरून या. दुकानदार जो भाव सांगतो तो त्याचा विकायचा भाव आहे. आपल्याकडून घेताना तो भाडं आणि नफा धरून कमीच देणार. राजा दिनकर केळकर संग्रहालयही जमल्यास बघा. काका केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी जमवली आणि 1975 मध्ये तो सगळा संग्रह सरकारला दिला. आपल्या माळ्यावर आहे तसलीच वस्तू तिथे काचेत ठेवलेली दिसली, की तिच्याकडे बघायची आपली नजर बदलते.

शेवटी एक काम देते. या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली एक जुनी वस्तू किंवा तिचा फोटो आणावा. गटाच्या वहीत एक पान करा: वस्तू, धातू किंवा लाकूड, वजन-माप, त्यावरचं नाव, कुणाच्या माहेरची, कुणी दिली. सासूबाईंना, आईला विचारून आत्ताच लिहून घ्या, कारण हे सांगणारी माणसं नेहमी असणार नाहीत. नड आली, मुलीची फी भरायची आली, तर हंडा जरूर विका, त्यात कमीपणा नाही. पण किती किलोचा, कशाचा आणि कुणाचा, हे वहीत बघून विका.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार!